डाव्या हाताची उजळणी

"मूठ वळायची नाही, लीला. तळहात वाटीसारखा ठेव. धरायचं नाही, आणि सोडायचंही नाही."

हा आवाज माझ्या आईचा. मी आठ वर्षांची असेन. लातूरला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मला पाटावर बसवून तिनं माझ्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं होतं. आम्हा लिंगायतांचा देव देव्हाऱ्यापेक्षा गळ्यातच जास्त असतो. सकाळी अंघोळ झाली की वस्त्रातून काढून तो डाव्या तळहातावर घ्यायचा. पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं आणि मग काही वेळ नुसतं त्याच्याकडे पाहत बसायचं. मन कुठंही जाऊ दे, हात हलता कामा नये. मला वाटायचं, घट्ट धरलं की झालं. आई म्हणायची, "घट्ट धरलंस तर तुला ते दिसेल कसं, माय?"

आई गेली, ते घर गेलं. मी ते लिंग गळ्यात घालून दोनदा पृथ्वीबाहेर जाऊन आले. पण अजूनही पूजेला बसले की तिचा आवाज येतोच. गेल्या महिन्यात एका सकाळी तसाच आला. मी खाली पाहिलं तर माझी मूठ वळलेली होती. लिंग दिसतच नव्हतं.

मुठीला उघड म्हटलं, तर बोटं उघडेनात. दुखत नव्हती, बधिरही नव्हती. नुसती मिटून होती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. मग केव्हातरी आपल्याच मनानं सैल झाली. मी म्हटलं, वय झालं. लिंग वस्त्रात बांधलं, गळ्यात घातलं आणि कामाला बसले.

काम म्हणजे उजळणी. ती काय ते सांगायचं, तर अंतराळवीराचं पोट कशावर चालतं तिथून सुरुवात करावी लागेल.

लोकांना वाटतं आम्ही गडगंज असतो. मी नोकरीत असताना माझा पगार माझ्याच हुद्द्याच्या, खाली खुर्चीत बसणाऱ्या माणसाइतकाच होता. वर असताना दौऱ्याचा भत्ता मिळायचा. तोही कमी, कारण राहणं-जेवण आणि वाहन तिन्ही सरकारी. त्यावर आम्ही वर पुष्कळ हसायचो. खरी पंचाईत खाली आल्यावर होते. हाडं विरळ झालेली, चष्म्याचा नंबर बदललेला, पन्नाशी ओलांडलेली. पुन्हा वर कोणी नेत नाही, आणि जे काही येतं ते खाली कुणाच्या उपयोगाचं नसतं.

मग भाषणं. शाळा, बँकांचे वर्धापनदिन, मिठाईच्या दुकानाचं उद्घाटन. शाल, श्रीफळ आणि 'ताई, मानधनाचं बघू'. माझ्याकडे इतक्या शाली साठल्या की माझी मुलगी गिरिजा म्हणायची, "आई, आपण दुकानच टाकू." एका कुकरची जाहिरात केली. कुकर खरंच चांगला होता, म्हणून केली. एका उदबत्तीवाल्याला नाही म्हटलं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अंतराळात मला ओंकार ऐकू आला. मी त्याला सांगितलं, दादा, मला तिथं पंख्यांची घरघर ऐकू आली, ती कधीच बंद होत नाही. तो हिरमुसून म्हणाला, "घरघरीवर उदबत्ती कशी विकू, ताई?"

गिरिजाचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तिचं शिक्षण समोर उभं होतं. अशा दिवसांत एका कंपनीकडून हस्तछायेचं काम चालून आलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंच आम्हाला तारलं.

पृथ्वीभोवती आता दुरुस्तीचे तळ आहेत. बिघडलेले उपग्रह तिथं ओढून आणतात, उघडतात, नीट करून सोडून देतात. हे काम माणसाबरोबर यंत्राचे हात करतात. खाली बसून ते हात चालवावेत असं कुणालाही वाटेल. पण खालून निघालेला इशारा उपग्रहांच्या साखळीतून वर जाऊन, तिथली खबर घेऊन परत यायला डोळ्याची उघडझाप होईल एवढा तरी वेळ लागतो. एवढ्या वेळात तरंगणारा खिळा बोटाला लागून लांब निघून गेलेला असतो. तिथं वजन नसतं. किंचित जास्त जोर लावला की वस्तू पळते, कमी लावला की हाती येत नाही. हा अंदाज हातानं त्या क्षणीच करायचा असतो.

म्हणून हाताची छाया करायची युक्ती निघाली. अंतराळात काम केलेल्या माणसाला सगळ्या बोटांचा जोर मोजणारे हातमोजे घालून हजारो बारीक कामं करायला लावायची. त्यावरून यंत्र शिकतं, की हा माणूस अशा वेळी काय करेल. ते शिकणं वर यंत्राच्या हातात भरून ठेवतात. मग खालच्या इशाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आधी त्यांनी पुष्कळ माणसांचे हात एकत्र करून पाहिले. तो हात कुणाचाच नसल्यासारखा चाचपडायचा. एकाच माणसाची छाया घेतली की तो सरळ वागतो. जसं अक्षर एकाचंच असावं लागतं, तसं.

माझा उजवा हात बेताचाच निघाला. डावा मात्र त्यांना फार आवडला. तरंगत आलेली वस्तू तो पकडत नाही; खाली जाऊन थांबतो, तिच्याबरोबर थोडा सरकतो आणि मग ती त्याच्यात येऊन बसते. हे कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं. वर असताना माझा नेम चुकला नव्हता. भस्माची पूड उडून यंत्रांत जाईल म्हणून वडी नेली होती, ओल्या फडक्यानं लावायचे. पाणी वाहायचं म्हणजे नुसतं पुसायचं. पण लिंग तळहातावर ठरेना, ते तरंगत निघायचं. धरायचं नाही हे तर ठरलेलं. मग हात त्याच्याबरोबर हलायला शिकला.

छाया मात्र शिळी होते. वरच्या यंत्राचे सांधे झिजतात, काम बदलतं. म्हणून रोज सकाळी घरी बसून मी हातमोजे घालायचे, समोरच्या पडद्यावर यंत्र एकेक प्रसंग मांडणार, मी हात चालवणार, आणि छाया ताजी होणार. ही उजळणी. गेली अकरा वर्षं आधी पूजा, मग उजळणी, मग चहा. सणवार नाही, आजारपण नाही. कधीकधी वाटायचं, मी निवृत्त झालेच नाही, फक्त माझा एक हात वर राहिला आणि बाकीची मी त्याची चाकरी करते आहे.

तर त्या सकाळी उजळणीला बसले. पुण्याहून परिमल बोलत होता. कंपनीत छायांची देखभाल तो करतो. सज्जन मुलगा, डोळ्यांखाली कायम काळं.

"मॅडम, तुमची जुळणी बघा आज! हात आणि छाया यांच्यात फरकच उरला नाही. एवढी जुळणी कुणाचीच नाही. आणखी आठ यंत्रांना तुमचा डावा हात बसवायचं चाललंय."

"आठ?"

"नवरात्रापर्यंत. देवीसारखं होईल मॅडम तुमचं."

तेवढ्यात वरून अन्वर लाइनवर बोलायला आला. आठवड्यातून एकदा येतो. अन्वर तांबोळी, नळदुर्गचा. मी प्रशिक्षण दिलेल्या मुलांपैकी हा शेवटचा. आता तळावर कंत्राटावर आहे, आणि त्याच्याबरोबर बाहेर जाणारा यंत्राचा हात माझा आहे. अन्वर एका कठड्यावरून दुसऱ्यावर जाताना तो हात त्याचं मनगट धरून ठेवतो.

"ताई, सलाम. तुमचा हात लई माया करायलाय हल्ली."

"म्हणजे?"

"मनगट धरलं की सोडायलाच तयार नाही. ओढून घ्यावं लागतं. नसीमनं लग्नात एवढ्या जोरात धरलं नव्हतं."

परिमल हसला. मीही हसले. मग दोघांनी कामाचं काहीबाही बोलून घेतलं आणि मी हातमोजे काढून ठेवले.

गिरिजा बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. नात तीन आठवड्यांची. तिला न्हाऊ घालायचं काम मी हौसेनं घेतलं होतं. न्हाणीघरात पाय पसरून बसायचं, नडग्यांवर तिला पालथं घालायचं, तेल जिरवायचं, मग कोमट पाणी. तेल लावलेलं लेकरू म्हणजे ओला साबण. डाव्या हातानं दंडाशी आधार द्यायचा आणि उजव्यानं पाणी घालायचं. त्या दिवशी तिनं पाय झाडले आणि ती जराशी घसरली. माझ्या डाव्या हातानं तिचा दंड धरला.

धरला तो धरलाच.

आधी ती दचकली, मग रडली. मग असं रडली की गिरिजा धावत आली.

"आई, काय करतेस? सोड तिला!"

"सोडते."

"सोड ना! आई, हात सोड!"

मी हाताकडे पाहत होते. मनातून सोडलेलं होतं, बोटांना ते पोचत नव्हतं. गिरिजानं लेकराला घेऊन अंगाकडे ओढलं, आणि ओढ लागताक्षणी माझी पाचही बोटं गुपचूप उघडली. अगदी शहाण्यासारखी.

दंडावर दोन बोटं उमटली होती. संध्याकाळपर्यंत ती गेलीही. पण दुसऱ्या दिवशी मी पाणी काढलं तेव्हा गिरिजा म्हणाली, "आत्ताच झोपलीय गं. मी घालते नंतर." त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, "सर्दी वाटतेय तिला." मुलगी सभ्य आहे माझी. तोंडावर काही बोलली नाही.

मी देवासमोर बसून राहिले. पूजेला नाही, नुसतीच. ओढ लागल्यावर हात उघडला, हे मनातून जाईना. कारण ते मला ठाऊक होतं. तो नियमच होता.

दोनेक वर्षांपूर्वी वरच्या तळावर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एक मोठा पाना निसटला आणि कायमचा गेला. तेव्हापासून कंपनीनं सगळ्या छायांना एक नियम घातला: समोरून ओढ जाणवल्याशिवाय सोडायचं नाही. नियम चांगला आहे. बाहेर काम करणारा प्रत्येकजण तेच शिकतो, पुढची कडी लागल्याशिवाय मागची सोडू नये. पण हातमोजे नुसते मोजत नाहीत, ते ढकलतातही. वरच्या वस्तूचा स्पर्श कळावा म्हणून त्यांच्यात पट्ट्या असतात. उजळणीत मी बोटं उघडायला गेले की छाया नियमाप्रमाणे जराशी अडायची आणि पट्ट्या माझी बोटंही तेवढी रोखून धरायच्या. रोज थोडं. माझ्या हातानं ते उचललं. मग यंत्रानं पाहिलं, ही बाई स्वतःच उशिरा सोडते. ते त्यानं छायेत घातलं आणि त्याच्यावर पुन्हा नियम चढवला. ते परत माझ्या हातात आलं.

मठात भजनाच्या वेळी माइक चुकून कर्ण्यासमोर गेला की कसा कानठळ्या बसवणारा आवाज होतो? कुणी ओरडलेलं नसतं. कर्ण्यातलं माइकमध्ये, माइकमधलं कर्ण्यात, असं होत होत तो वाढत जातो. तसंच हे. आणि परिमल मोजत होता तो फक्त हात आणि छाया यांच्यातला फरक. तो शून्यच येणार. दोघं हातात हात घालून वाट चुकत होते.

माझ्या घरी दंडावर दोन बोटं उमटली. वर तोच हात एका माणसाच्या मनगटावर होता, आणि त्या माणसाच्या कातडीच्या आणि पोकळीच्या मध्ये हातमोज्याच्या शिवणीशिवाय काही नव्हतं.

गिरिजा दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत राहिली.

"सोडून दे ना आई. सांधेदुखी म्हण. तुझ्या वयाला कोण शंका घेईल?"

"मी सोडलं तरी छाया वर राहते. सहा महिने वापरायची मुभा आहे त्यांना."

"मग कंपनीला खरं सांग."

"सांगणार. पण आधी अन्वरला."

"का? कंपनी सांगेलच की त्याला."

का, ते तिला ठाऊक नव्हतं. वर जाण्याआधी अन्वर आणि नसीम मला भेटायला आले होते. धपाटे खाऊन झाल्यावर तो म्हणाला होता, "ताई, वरच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. खाली बैठका होतात, ठरतं, आणि आम्हाला कळतं ते सामान बांधा म्हटल्यावर. तुम्ही तसं करू नका. ज्या दिवशी तुम्हाला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटणार नाही, त्या दिवशी आधी मला सांगा. मग मी आणि माझं नशीब." मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून हो म्हटलं होतं. नसीम हसली होती, "एवढं कशाला ओ ताई, हा काय मंत्री आहे?"

"आणि मग तुझं कसं?" गिरिजानं विचारलं.

"शाली आहेत की."

ती हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं. दमायला झालं होतं. इतकी वर्षं एक हात वर ठेवून जगलं की खांदा दुखतो, तसं काहीसं. चिंता नव्हती असं नाही. हे थांबलं की पुन्हा भाषणं, पुन्हा दिवाळी अंकातल्या मुलाखती, 'वरून भारत कसा दिसतो' हा प्रश्न. पण माझं निदान मला निभावता आलं असतं. अन्वरचं कंत्राट मुदत पुरी झाल्यावर फळणारं होतं. मध्येच खाली आणलं तर निम्मं हातचं जातं, आणि नसीमनं सोलापूरला घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलं होतं.

परिमलला फोन केला. तो ऐकत गेला, मध्ये एकदाही 'मॅडम' म्हणाला नाही. मग म्हणाला, "एक मिनिट." त्यानं दोन वर्षांमागची माझी छाया काढून आताच्या छायेशेजारी ठेवली असावी, कारण बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला तो अगदी बारीक होता.

"मॅडम, हे आम्ही कधी बघितलंच नाही. आम्ही आजचं आजशी बघत होतो."

"चुकलं ते दोघांचं. आता काय करशील?"

"लिहून पाठवायला हवं. पाठवलं की त्या क्षणी हात बंद. तपासणी होईपर्यंत तुमचं काम थांबणार. आणि हाताशिवाय तुकडी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे अन्वरसरांना खाली..." तो थांबला. "मंगळवारी ते बाहेर जाणार आहेत."

"तोवर हाताला काही काम?"

"नाही. घडी करून ठेवलाय."

"मग सोमवारी सकाळी पाठव. त्याच्या आत मला एकाला सांगायचंय."

"कामाच्या लाइनवर सांगू नका हं मॅडम. ती सगळी नोंदली जाते. तिथं तुम्ही बोललात की तेच कळवणं झालं."

"ठाऊक आहे रे."

"मॅडम..." तो घुटमळला. "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलं नसतं."

"मला तरी कुठं कळत होतं? लेकरू रडलं म्हणून कळलं."

वरच्या माणसाचं एकच बोलणं कुणी ऐकत नाही, ते घरच्यांशी. दर रविवारी दुपारी, आणि तेही घरी बसवलेल्या यंत्रावरूनच. अन्वरचं घर सोलापूरला. मी नसीमला फोन लावला.

"नसीम, रविवारी येऊ का? तुझ्या वेळातली पाच मिनिटं मला दे."

"पाच कशाला, सगळी घ्या की ताई. मी काय, दिवसभर मनातल्या मनात भांडतेच त्याच्याशी." मग तिचा आवाज बदलला. "काही वाईट आहे काय?"

"वाईट होऊ नये म्हणून येते. पण ऐकून तुम्हा दोघांना बरं वाटणार नाही."

पलीकडे कुठंतरी विटा उतरवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी तिला विचारलं, इथंच रचू का. "थांब जरा," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "तो सुखरूप येईल ना?"

"त्याच्यासाठीच येते."

"मग या. तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात आमटी करते. आणि शेंगाची चटणी घेऊन या, मागच्या वेळची त्यानं एकट्यानं संपवली."

रविवारी पहाटे उठले. अंघोळ करून पूजेला बसले. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. आईचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ बोटं हलली. एकेक करून मिटली. मी उजव्या हातानं ती सोडवायला गेले आणि थांबले. उजव्या हातानं ओढलं असतं तर उघडली असती. तो त्यांचा नियम होता, आईचा नव्हता. लिंग ओढत नाही. ते नुसतं असतं. आपण काय करतो ते पाहत असतं.

मी तशीच बसून राहिले. मुठीकडे पाहत. नमः शिवाय म्हणत गेले, किती ते मोजलं नाही. खाली दूधवाला येऊन गेला, गिरिजाच्या खोलीत बाळाची कुरकुर झाली आणि थांबली. आधी करंगळी सैल झाली. मग बाकीची. तळहात पुरता वाटीसारखा झाला नाही, पण लिंग दिसलं.

उजळणीचे हातमोजे खुंटीवर होते. त्या दिवशी मी त्यांना हात लावला नाही. चहा आधी घेतला, तो जरा चोरट्यासारखाच लागला.

पिशवीत चटणीचा डबा, नसीमसाठी सगळ्यांत चांगली शाल आणि पाण्याची बाटली घातली. दाराशी चपला घालते तोवर गिरिजा लेकराला घेऊन बाहेर आली. अन्वर काय म्हणेल, मी काय म्हणेन, काहीच तिनं विचारलं नाही. माझा डावा हात धरला, त्याचं एक बोट सरळ केलं आणि लेकराच्या तळव्यात ठेवलं.

एवढ्याशा मुलांची मूठ आपोआप मिटते. तिनं माझं बोट धरलं आणि गच्च धरून ठेवलं. डोळे मिटलेले, ओठ चोखल्यासारखे हलत होते.

"आई, गाडी चुकेल," गिरिजा हळूच म्हणाली. "घे ओढून."

"नको," मी म्हटलं. "सोडेल ती."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग लेकराला जांभई आली आणि बोटं उघडली.

मी पिशवी उजव्या हातात घेतली. गळ्यातलं वस्त्र चाचपून पाहिलं आणि कठडा न धरता सावकाश जिना उतरले. सोलापूरची गाडी स्टँडवर लागायला अजून थोडा वेळ होता.